एक दात पुढे

गाडी सुरू झाली आणि फिरकी हातातलं काम टाकून धावला.

सुरू झाली म्हणजे काय, तर स्टार्टरने उठवलं आणि ती उठली, एवढंच. तापाने फणफणलेल्या माणसाला अंथरुणातून ओढून उभं करावं तशी. सगळं इंजिन गदागदा हलत होतं. एअर फिल्टरच्या नळीतून मधूनच एक शिंक येत होती. आणि बोनेटखालच्या पुढच्या पट्टीवर ठेवलेला पाना सरकत सरकत कडेला आला आणि टण्णकन फरशीवर पडला.

इंजिनाचा टायमिंगचा पट्टा नवा. तो ताणून धरणारा टेन्शनर नवा. सकाळपासून मामांनी एकट्याने बसवलेलं सगळं काम. आणि गाडी ही अशी.

मामा स्टिअरिंगमागे बसले होते. त्यांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी थेट फिरकीकडे बघितलं.

"काय काढलंस?"

"मी? काही नाही."

"प्लगची वायर?"

"मामा, आईशप्पथ सांगतो..."

"आईची शप्पथ तू त्या मांजरीच्या वेळीपण घेतली होतीस."

मांजरीचं प्रकरण असं, की एका गिऱ्हाइकाच्या गाडीत सीटखाली याने जुना मोबाईल चिकटवला आणि त्यावर पिल्लाचं म्याँव म्याँव लावून दिलं. ते गृहस्थ, त्यांची बायको, दोन शेजारी आणि वाटेने चाललेला एक पोलीस असे सगळे गाडीभोवती पोटावर आडवे झाले होते. पोलिसाच्या हातात दुधाची बशी. फिरकी पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, डोक्यावर चांद पडलेला गडी. पण डोळ्यांत अजून शाळेतल्या शेवटच्या बाकावरचं कार्टं बसलेलं. त्याचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं. येईल त्याची फिरकी घेतो म्हणून फिरकी, आणि त्यालाही ते पसंत होतं.

मामा म्हणजे त्याचे सासरे. पण सासरे नंतर झाले, आधी उस्ताद. मिसरूड फुटायच्या वयात तो या गॅरेजात काम शिकायला आला आणि गेलाच नाही. पुढे मामांची मुलगीही त्याच्या गळ्यात पडली. तिच्या मते तो तिच्या गळ्यात पडला. त्यामुळे मामांची दोन तोंडं झाली होती. गॅरेजात 'गाढवा, पाना दे', आणि घरी जेवायला बसले की तेच मामा 'जावईबापू, घ्या ना अजून थोडी भाजी'. फिरकीला दोन्ही गोड लागायचं. गाढवा जरा जास्तच.

पण आजचा दिवस थट्टेचा नव्हता, आणि हे फिरकीइतकं कोणालाच कळत नव्हतं.

काही महिन्यांपासून मामांचा उजवा हात बिघडला होता. गंमत अशी, की पाना घट्ट आवळून धरला की हात अगदी शहाण्यासारखा वागायचा. पण वॉशर, बारका स्क्रू, चहाचा कप असं काही हलकं हातात आलं की तो खिशातल्या फोनसारखा थरथरायला लागायचा. मामा आताशा तो हात पँटच्या खिशात ठेवूनच फिरायचे. लेकीने ते हेरलं आणि म्हणाली, "बाबा, आता पुरे झालं. घरी बसा." मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या गाडीचा पट्टा बदलायला झालाय ना? मी बदलतो. एकटा. कोणी हात लावायचा नाही, कोणी डोकावायचं नाही. गाडी नीट चालली तर हा विषय परत काढायचा नाही. नाही चालली, तर मी आपणहून घरी बसतो. कोणी सांगायची वाट बघणार नाही."

लेक गाडी चालवायला शिकवायची. ही गाडी म्हणजे तिच्या क्लासची. तिच्या बाजूलाही ब्रेक-क्लच असलेली, दाराला मोठ्या अक्षरांत फोन नंबर लिहिलेली. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे, घरात नवरासुद्धा. ती चिडते म्हणून मुद्दाम.

तर मामा सकाळी गाडीला भिडले, आणि फिरकी पलीकडे एका टेम्पोच्या चाकाशी पाठ करून बसला. पाठ इकडे, पण कान तिकडे. मामांनी घरी बसू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. मामा नसलेल्या गॅरेजात तो खोडी तरी कोणाची काढणार? चेष्टा करायला रीतसर चिडणारं माणूस लागतं, आणि मामांसारखं चिडणारं माणूस त्याला उभ्या आयुष्यात दुसरं भेटलं नव्हतं. हे त्याचं स्वतःला सांगायचं कारण. त्याच्या खाली अजून एक होतं, पण तिथपर्यंत जायचं तो टाळत होता.

दुपारी मामांनी हाक मारली होती. "ए गाढवा! मागच्या वेळी हा पट्टा कोणी बसवला होता?"

"मी. का?"

"का म्हणून विचारतोय बघा! एक दात चुकवला होतास. खाली क्रँकची खाच शून्यावर आणली, तर वर कॅमची खूण एक दात मागे. इतकी वर्षं माझी पोर चुकलेल्या टायमिंगवर जगाला गाडी शिकवतेय! आता बसवलाय बघ नीट."

फिरकीने कान पाडले. चुकलाही असेल, काय सांगावं. त्या दिवशी आपण कोणाची तरी टोपी पळवण्यात गुंग असू.

एका दाताने काय होतं, हे गाडीशी संबंध नसलेल्यालाही कळण्यासारखं आहे. खाली क्रँक, तो पिस्टनना वरखाली नाचवतो. वर कॅम, तो वॉल्वची उघडमीट करतो. दोघांमध्ये हा दातेरी पट्टा. त्याचं काम इतकंच, की दोघांनी एकमेकांची वेळ सांभाळावी. एक दात इकडेतिकडे झाला तर संसार चालतो, पण कुरबुर सुरू होते. आणि या जातीच्या इंजिनात तीन-चार दात सरकले, तर वर येणारा पिस्टन उघड्या वॉल्वला टक्कर देतो. मग वॉल्व वाकतात, आणि सगळं इंजिन वरून उघडावं लागतं.

सध्या नुसती कुरबुर होती. पण मामांना घरी बसवायला तेवढीही पुरेशी होती.

एवढ्यात मास्तरीणबाई आल्या. खांद्याला पर्स, घामाने विस्कटलेले केस. "झाली का गाडी?"

"तुझ्या नवऱ्याला विचार," मामा गाडीतून उतरत म्हणाले. "त्याची गंमत संपली की होईल."

तिने थरथरणाऱ्या इंजिनाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. जवळ येऊन दात आवळून म्हणाली, "अहो, आजसुद्धा? बाबांचं काय पणाला लागलंय, माहितीये ना तुम्हाला?"

"अगं, मी खरंच काही..."

बोलता बोलता फिरकीचं लक्ष मामांकडे गेलं. मामा कपाळावर आठ्या घालून उभे होते, चिडलेले, नेहमीसारखेच. पण उजवा हात खिशात होता, आणि खिसा हलत होता. ही थट्टाच असावी, अशी त्या माणसाची केवढी इच्छा होती! फिरकी गॅरेजात शिरल्यापासून पहिल्यांदाच त्याची खोडी त्यांना हवी होती.

फिरकीने तोंड मिटलं. मग उघडलं ते हसण्यासाठी.

"पकडलंत बुवा! मामा, तुमच्यापुढे आपलं काही चालत नाही. जा, दोघं समोर चहा घेऊन या. तोवर सगळं होतं तसं करून ठेवतो."

"आत्ता कर. माझ्यासमोर."

"वा! कशी केली ते बघितलंत तर पुढच्या वेळी काय नवीन करू? जा हो. बिस्किटंही खा."

मामांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. "गाढव तो गाढवच," असं म्हणून ते लेकीबरोबर रस्ता ओलांडून गेले. पाठमोरे मामा जरा ताठ चालत होते.

फिरकीने आजवर केलेल्या शंभर खोड्या नाकारल्या होत्या. न केलेली कबूल करायची ही पहिलीच वेळ.

आता कामाला लागणं भाग होतं. आधी सोपं सोपं बघितलं. प्लगच्या वायरी जागेवर. हवेची नळी कुठे निसटलेली नाही. पट्ट्याचं झाकण काढताना हमखास धक्का बसतो ती सेन्सरची जोडणी, तीही घट्ट. वरचं झाकण उतरवलं. कॅमची खूण बरोबर खुणेसमोर. खाली क्रँकच्या टोकाला असलेल्या पुलीवरची खाच बरोबर शून्यावर. या इंजिनाला आतल्या बाजूला खूण नसते, बाहेरच्या पुलीवरची खाच हीच काय ती खूण. पट्टा दोन बोटांत धरून पिळला. हवा तेवढाच वळला. सगळं काम असं नीटनेटकं, की शाळेत प्रदर्शनाला ठेवावं.

मग बिघडलंय कुठे?

फिरकी मामांच्या स्टुलावर बसला आणि डोकं खाजवलं. बऱ्याच वेळाने त्याला मामांचं दुपारचं बोलणं आठवलं. मागच्या वेळी एक दात चुकवला होतास. बरं, चुकवला. मग इतकी वर्षं ही गाडी एकदाही कशी कुरकुरली नाही? आणि चालवणारी कोण, तर मास्तरीणबाई! जिला दाराचं रबर वाजलं तरी झोप लागत नाही. नवरा स्वयंपाकघरात खोटं बोलला तर जिला बाल्कनीत ऐकू येतं. तिला इतकी वर्षं इंजिनाचा ठेका चुकलेला कळला नसता?

म्हणजे चूक होती तेव्हा गाडी गुणी होती, आणि चूक सुधारल्यावर बिघडली. एक तर गाडीला वेड लागलंय, नाहीतर खूण खोटं बोलतेय.

आणि खुणेबद्दल तर मामांनीच त्याच्या डोक्यात टपल्या मारमारून भरवलं होतं. खूण काय, सरकते, पुसते, थापा मारते. पिस्टन थापा मारत नाही. तेव्हा पिस्टनला विचार. विचारायची रीतही मामांचीच. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, त्या भोकात सायकलच्या चाकाची एक तार सोडायची आणि क्रँक हळूहळू हाताने फिरवायचा. पिस्टन वर येईल तशी तार वर येते. यायची थांबली की पिस्टन टोकाला. मग बघायचं, खाच शून्यावर आहे का. शंका असो वा नसो, मामा प्रत्येक पट्ट्याला हे करायचे. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं.

तार भिंतीवरच्या खिळ्याला असायची. फिरकी ती काढायला गेला आणि तिथेच उभा राहिला. तार आणि खिळा यांच्यामध्ये कोळ्याचं जाळं होतं. चांगलं धूळ बसलेलं, कुठेही न तुटलेलं.

मामांनी आज पिस्टनला विचारलंच नव्हतं.

का, ते विचारायची गरज नव्हती. तार हलकी असते.

फिरकीने जाळं झटकलं आणि तार खाली घेतली. हे काम दोघांचं. एकाने खाली पाना फिरवायचा, दुसऱ्याने वर तारेवर बोट ठेवायचं. एकट्याने करायचं तर एक हात चाकाच्या कमानीतून आत, दुसरा इंजिनावर, आणि मधलं पोट ठेवायचं कुठे, हा प्रश्न. घामाघूम होऊन, ओठ चावत त्याने क्रँक फिरवला. तार वर आली, आली, थबकली. वाकून खाली बघितलं. खाच शून्य ओलांडून पुढे गेलेली होती.

मग बॅटरीचा उजेड टाकून पुलीशी डोळा लावला. ही पुली अखंड नसते. आत लोखंडी गाभा, बाहेर लोखंडी कडं, आणि दोघांना धरून ठेवणारा मध्ये रबराचा थर. रबर वाळून तडकलं होतं. बाहेरचं कडं गाभ्यावरून सरकलं होतं, आणि खाच त्या कड्यावर. म्हणजे खूणच घर सोडून गेलेली. मामांनी तिच्यावर विसंबून बरोबर बसलेला पट्टा 'सुधारला' आणि एक दात पुढे नेऊन ठेवला.

आता करायचं काय, हे तर उघड होतं. फळीवर याच जातीच्या भंगारात निघालेल्या गाडीची एक धडधाकट पुली पडली होती. ती घालायची, पट्टा एक दात मागे घ्यायचा. मामा येईपर्यंत अर्धं काम उरकेल, बाकीच्याला काहीतरी थाप मारू. गाडी गुपचूप चालू होईल, मास्तरीणबाई खूश, मामांचं स्टूल जिथल्या तिथे. 'काय गंमत केली होतीस?' असं विचारलं, तर ते आपलं गुपित.

फिरकीने पुली फळीवरून उतरवली. आणि मग हातात धरून तसाच उभा राहिला.

कारण अंगणात दुसरी एक गाडी उभी होती. दातांच्या डॉक्टरांची. पट्टा बदलायला आलेली. उद्या मामा ती घेणार होते, तसं त्यांनी डॉक्टरांना परस्पर सांगून टाकलं होतं. तीही ते तारेशिवायच बांधतील. खूण खरी निघाली तर ठीक. नाही निघाली तर? बरं, तिथेही आपण मागून जाऊन गुपचूप तपासू. परवाच्या गाडीलाही तपासू. दरवेळी मामांना चहाला पाठवू. फिरकीला क्षणभर हसूच आलं. जमलं असतं त्याला ते. त्याच्याइतकं बेमालूम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. मामांवर केलेली जन्मभराची फिरकी!

आणि तिथेच त्याच्या तोंडाची चव गेली. त्याच्या धंद्याचा एकच नियम होता. कोणी शिकवला नव्हता, पण त्याने कधी मोडला नव्हता. ज्याची चेष्टा केली त्याला शेवटी ती कळली पाहिजे. मांजरवाल्या गृहस्थांना मोबाईल सापडला, ते आधी लाल झाले आणि मग त्यांनाच हसू आवरेना. पोलिसाने ते दूध स्वतः पिऊन टाकलं. पण ज्याची केली त्याला कधी कळूच द्यायची नाही, ती चेष्टा कसली? ती फसवणूक. आणि तीही कोणाची, तर ज्याने हातात पहिला पाना दिला त्याची.

"प्लगची वायर लावायला एवढा वेळ?"

मामा दारात उभे होते. एकटेच. "माझा चहा झाला. बिस्किटं झाली. तिचा कोणी शिकाऊ भेटलाय, ती बसलीय त्याच्याशी बोलत. आणि इथून आवाज नाही, काही नाही. म्हटलं..."

मामा थांबले. त्यांना भोकातून डोकावणारी तार दिसली.

ते आत आले आणि तारेजवळ वाकले.

"गंमत नव्हती," मामा म्हणाले.

"नव्हती."

"मग कबूल कशाला केलंत, जावईबापू?"

गॅरेजात मामांनी त्याला तसं म्हणायची ही पहिलीच वेळ. फिरकीला कानाखाली बसल्यासारखं झालं. "तुमचा चेहरा बघून केलं, मामा."

"मी खूण बघितली होती. चष्मा लावून. बरोबर होती."

"खूण तुम्ही बरोबरच बघितलीत. पुली सरकलीय. हे बघा."

मामा डावा हात गुडघ्यावर टेकत खाली बसले. फिरकीने बॅटरी धरली. मामांनी डाव्या हाताचं बोट त्या तडकलेल्या रबरावरून फिरवलं, एकदा गोल, मग परत उलटं.

"म्हणजे मागच्या वेळी तू बरोबर बसवला होतास."

"हो."

"आणि मी दुपारी तुला..."

"गाढव म्हणालात. ते काय, रोजचंच आहे."

मामा हसले नाहीत. फिरकीने घाईघाईने पुढे रेटलं, "कोणीही फसलं असतं हो मामा. खाच अशी स्वच्छ दिसत असताना..."

"तू फसलास?"

फिरकीने बॅटरी विझवली.

"नाही फसलास. तू पिस्टनला विचारलंस." मामा उठले आणि त्यांनी खिशातून उजवा हात काढला. फिरकीच्या देखत काढायची ही कितीतरी दिवसांतली पहिली वेळ असेल. त्यांनी दोन बोटांत तारेचं टोक धरलं. तार भोकाच्या कडेवर वाजायला लागली. टिक टिक टिक टिक, दारावर कोणी नखाने ठोकत असावं तशी. मामांनी ती थोडा वेळ वाजू दिली.

"सकाळी त्या खिळ्यासमोर उभा होतो मी," ते म्हणाले. "तू पलीकडे पाठ करून बसलेला, पण कान इकडे. तुला काय वाटलं, मला कळत नाही? म्हटलं, तार काढली तर ही वाजणार. आणि तुला ऐकू जाणार. म्हणून नाही काढली."

फिरकीने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

"आणि तू हे झाकून टाकलं असतंस," मामांचा आवाज चढला, "तर उद्या मी डॉक्टरांची गाडी उघडली असती. ताठ मानेने! आज जमलं म्हणून! तिथे वॉल्व वाकले असते तर? तेव्हा कसली गंमत सांगणार होतास तू?"

"म्हणूनच थांबलो ना, मामा. हात आखडला माझा."

"थांबलास, की मी लवकर आलो?"

फिरकीने मान खाजवली. "अर्धं अर्धं."

मामांच्या नाकातून एक हुंकार निघाला. हसू म्हणावं तर नव्हतं, पण त्याच गल्लीतलं काहीतरी होतं. "ऊठ. वर जा. तार तू धर, मी खाली फिरवतो."

मामा चाकाच्या कमानीशी बसले आणि पाना बोल्टवर चढवला. तोच उजवा हात. पाना मुठीत आला आणि हात असा थांबला, जसं कोणी वर्गात आलं आणि पोरं चिडीचूप झाली.

"आली वर... अजून... अजून थोडी... थांबा, गेला टोकाला."

"गेला नाही. टोकाला पिस्टन जरा रेंगाळतो. त्या रेंगाळण्याच्या मधोमध पकड. परत घेतो."

"आता?"

"मला काय विचारतोस? बोट तुझं आहे."

"आता!"

पट्टा सैल केला, एक दात मागे घेतला, पुन्हा ताणला. फळीवरची पुली बसवली. तिची खाच बरोबर शून्यासमोर येऊन उभी राहिली, जणू तिला कोणी आधीच पत्ता देऊन ठेवला होता. पाना लावून इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं. कुठे अडलं नाही. पुन्हा तार घातली. पुन्हा जुळलं. मामांनी तिसऱ्यांदाही बघायला लावलं.

मास्तरीणबाई परतल्या तेव्हा नवरा बोनेटमध्ये आणि बाप गाडीखाली. दोघांची तोंडं काळी, आणि दोघंही एकमेकांवर खेकसत होते. तिने काही विचारलं नाही. प्लगची वायर लावायला दोन माणसं आणि एवढी हत्यारं लागत नाहीत, हे कळायला ती मेकॅनिकची मुलगी आणि मेकॅनिकची बायको होती.

"चावी फिरव," मामा तिला म्हणाले.

गाडी सुरू झाली. इतकी गुपचूप, की फिरकीने पुढच्या पट्टीवर पाना ठेवून बघितला. पाना जागचा हलला नाही.

"चालली की!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "झालं तर मग. मिटला विषय."

"मिटला नाही," मामा म्हणाले. "पहिल्या झटक्यात चालली नाही. खूण सरकली होती, मी तपासली नाही. तुझ्या नवऱ्याने काहीही केलेलं नव्हतं, उलट माझ्यावर पांघरूण घालत होता. ठरल्याप्रमाणे उद्यापासून मी घरी."

हेच तर तिला इतके दिवस हवं होतं. पण आता हातात आलं, तर ते कुठे ठेवावं तिला कळेना. तिने गाडी बंद केली. नवऱ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले.

"बाबा, हात इतका बिघडलाय हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू घरी बसवलं असतंस."

"आणि न सांगता काय झालं?"

"घरीच बसतोय." मामा स्वतःच्याच उत्तरावर जरा गोंधळले. "म्हणजे हिशोब एकच आला."

"एकच कसा? न सांगितल्यामुळे माझी गाडी बिघडली, आणि माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होता तर त्यालाच मी झापलं."

"ते मात्र जरा जास्तच झालं," फिरकी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुमचं नंतर बघते." ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही ठरवलं होतंत एकट्याने. एकट्याचं जमलं नाही, एवढंच आज कळलं. आत्ता ही चालली, ती तुम्ही दोघांनी चालवलीत. घरी बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी यात पडत नाही आता. मला क्लासला उशीर होतोय."

मामांनी चिंधी घेतली आणि बोटं पुसायला लागले. एकेक बोट, सावकाश. चिंधी हलकीच होती, हलत होती. त्यांनी ती हलू दिली.

"पट्टे बंद," शेवटी ते म्हणाले. "पट्टे, वॉल्व, जिथे बारीक हात लागतो ते सगळं बंद. डॉक्टरांची गाडी तू कर. मी त्यांना फोन करून सांगतो."

"आणि तुम्ही?"

"खाली फिरवायला माणूस लागतो. बोलावलंस, तर येईन."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर का नाही बोलावलंस, ते विचारायला येईन."

मास्तरीणबाईंनी हॉर्न दिला. मामा वाकून गाडीत बसले, दार ओढून घेतलं, आणि काच खाली करून मान बाहेर काढली.

"ऐक रे. डॉक्टरांच्या गाडीला हात घालायच्या आधी त्या पुलीचं रबर बघ."

"बघतो."

"बघतो नको. मी आल्यावर बघू."